कोणत्या पेशीतून, कोणत्या दिवशी?

हृदयाच्या सुजेवर मागच्या अंकात लिहिलं, तेव्हा मायक्रोआरएनएचा (कोणतं प्रथिन किती बनावं हे आवरणाऱ्या आरएनएच्या इवल्या तुकड्यांचा) उल्लेख दोनच ओळींत उरकला होता. पत्रं मात्र त्या दोन ओळींवरच आली. निवडक सहा इथे घेते. पत्र लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, पॅथॉलॉजिस्ट आहे. आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली आणि रक्ताच्या नळ्यांमध्ये गेलं, त्यामुळे उत्तरांना त्याच बाजूचा वास येणार.

"डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा बावीस वर्षांचा, कबड्डी खेळतो. ताप येऊन गेल्यावर आठवड्याभराने रात्री छातीत जोरात दुखू लागलं. ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन वाढलेलं. सगळे म्हणाले, हार्ट अॅटॅक. अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या स्वच्छ! मग एमआरआय करून मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची सूज, सांगितलं. आता बरा आहे, पण सहा महिने मैदान बंद. माझ्या दिरांनी एका लॅबचं पत्रक आणलंय, मायक्रोआरएनएची तपासणी करून 'हृदयातली सूज मुळापासून ओळखा' म्हणून. खर्च आमच्या महिन्याच्या कमाईएवढा आहे. करू का?" (एक आई, इचलकरंजी)

ताई, नको. उत्तर आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही कारणं वाचेपर्यंत दीर पैसे भरून यायचे.

आता कारणं. त्या रात्री डॉक्टरांपुढे एकच प्रश्न होता: हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली आहे, की हृदयाच्या स्नायूलाच सूज आली आहे? दोन्हीत छातीत दुखतं आणि ईसीजी बिघडतो. ट्रोपोनिनही दोन्हीत वाढतं, कारण ते हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे आणि स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. इजा कशाने झाली, हे ट्रोपोनिन सांगत नाही. म्हणून अँजिओग्राफी झाली. तुमच्या पत्रात ती थोडी वाया गेल्यासारखी वाटते, तसं अजिबात नाही. बावीस वर्षांच्या मुलाचीही रक्तवाहिनी बंद पडू शकते आणि ती शक्यता त्याच रात्री खोडणं भाग होतं.

मग एमआरआय. हा माझा आवडता भाग, जरा सांगू द्या. हार्ट अॅटॅकमध्ये स्नायूचं नुकसान आतल्या थरापासून सुरू होतं आणि बाहेर पसरतं, कारण रक्त कमी पडलं की सर्वांत आधी आतला थर उपाशी राहतो. मायोकार्डायटिसमध्ये बहुतेकदा उलट असतं. डाग बाहेरच्या थरात किंवा मधोमध दिसतो, पुष्कळदा डाव्या कप्प्याच्या बाजूच्या भिंतीत. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन काढलेल्या चित्रांत हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत स्नायूत साठलेलं पाणी दिसतं. हे कसं वाचायचं याचे निकष कॅनडातल्या लेक लुईस या गावाच्या नावाने ओळखले जातात. पहिले २००९ चे, सुधारलेले २०१८ चे. पूर्वी आमच्याकडे हृदयाच्या स्नायूचा तुकडाच यायचा. शिरेतून नळी आत घालून उजव्या कप्प्यातून तो चिमटून काढायचे. पण सूज ठिकठिकाणी विखुरलेली असते. चिमटा निरोगी जागी लागला तर आम्ही 'सूज नाही' असं प्रामाणिकपणे लिहायचो आणि रोग्याला सूज असायची.

मायक्रोआरएनएवाल्या संशोधकांचा डोळा नेमक्या त्या रात्रीच्या प्रश्नावर आहे: तुकडा न काढता, एमआरआयची वाट न पाहता, नुसत्या रक्तावरून 'अॅटॅक की सूज' हे कळेल का? माद्रिदच्या हृदयसंशोधन केंद्रातल्या गटाने २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावर मोठं काम छापलं. मायोकार्डायटिस झालेल्या उंदरांत टीएच-१७ नावाच्या पांढऱ्या पेशी एक मायक्रोआरएनए तयार करतात, मिर-७२१. त्याचाच माणसातला भाऊबंद आठव्या गुणसूत्रावर सापडला. मायोकार्डायटिसच्या रोग्यांच्या रक्तात तो वाढलेला होता, हार्ट अॅटॅकवाल्यांच्या रक्तात तसा नव्हता. दोघांना वेगळं ओळखण्याची त्याची क्षमता ०.९२७ भरली. म्हणजे एक मायोकार्डायटिसचा आणि एक अॅटॅकचा रोगी सहज उचलला, तर शंभरातल्या सुमारे ९३ वेळा पहिल्याचा आकडा जास्त निघेल. मला हे काम आवडलं. इतर बहुतेक उमेदवार मेलेल्या स्नायूतून रक्तात गळणारे आहेत. हा मात्र सूज आणणाऱ्या पेशीतून येतो, म्हणून 'कशाने' या प्रश्नाच्या जवळ जातो.

पण ताई, हे झालं आजाराच्या पहिल्या दिवसांतलं रक्त. तुमच्या मुलाचं निदान झालं, तो घरी आला, तो प्रश्न मिटला. आता रक्त देऊन ज्या प्रश्नाचं उत्तर मागणार, ते एमआरआयच्या अहवालात लिहिलेलं आहे. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असला प्रकार होईल. त्यात पत्रकावर कोणते मायक्रोआरएनए मोजणार, हेही छापलेलं नाही. (तुम्ही पाठवलेला फोटो भिंग लावून वाचला. पाठीमागे फक्त सवलतीची तारीख आहे.)

पैसे राखून ठेवा. मैदानात उतरण्यापूर्वी डॉक्टर पुन्हा ईसीजी, इको, चोवीस तास हृदयाची लय नोंदवणारा होल्टर, पळवून केलेली स्ट्रेस टेस्ट आणि बहुधा पुन्हा एमआरआय सांगतील. खर्च तिथे आहे आणि तो करण्याजोगा आहे. तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवायला सांगतात ते उगाच नाही. सुजलेल्या किंवा व्रण राहिलेल्या स्नायूत जोराच्या श्रमाने हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते, आणि 'हलकं हलकं खेळतो' म्हणून मैदानात गेलेला कबड्डीपटू पहिल्या चढाईतच हलकं विसरतो. अंग दुखलं म्हणून कपाटातली दुखण्याची गोळी परस्पर देऊ नका, डॉक्टरांना विचारून द्या. चक्कर, बेशुद्धी, धडधड, झोपल्यावर धाप, पायांवर सूज, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

"मॅडम, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी हाच विषय घेतला आहे. मिर-१५५ सूज वाढवतो आणि मिर-१४६ सूज कमी करतो, म्हणजे पहिला वाईट, दुसरा चांगला, असं लिहिलं तर चालेल का? आणि मायक्रोआरएनए नेमकं काय करतो, हे दोन ओळींत कसं सांगू?" (एक विद्यार्थिनी, लातूर)

दोन ओळींत नाही, एका लग्नघरात सांगते. जनुकं म्हणजे माडीवरची यजमान मंडळी. खाली मुदपाकखान्यात काय शिजवायचं, याच्या चिठ्ठ्या ती पाठवतात. त्या चिठ्ठ्या म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि शिजून निघणारे पदार्थ म्हणजे प्रथिनं. मायक्रोआरएनए म्हणजे मुदपाकखान्याच्या दारात ठाण मांडून बसलेली आत्याबाई. ती स्वतः काही शिजवत नाही. चिठ्ठी वाचते आणि "जिलब्या पुरे झाल्या आता" म्हणून ठेवून घेते किंवा फाडून टाकते.

आता लग्नघरातून बाहेर ये, कारण परीक्षक आत्याबाईंना गुण देणार नाहीत. मायक्रोआरएनएची लांबी सुमारे २२ अक्षरं. मोठ्या धाग्यातून ड्रोशा आणि मग डायसर ही एन्झाइमं त्याला कापून काढतात, मग तो आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो. चिठ्ठीशी जोडी जमवताना त्याच्या सुरुवातीची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं महत्त्वाची. बाकी थोडं इकडेतिकडे चालतं. म्हणूनच एकच मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्यांवर हात ठेवू शकतो आणि म्हणूनच 'याचं काम अमुक' असं एका वाक्यात सांगता येत नाही. पहिला सापडला तो १९९३ मध्ये, एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांचं हे काम. कृमीतली गंमत म्हणून सात वर्षं फारसं कोणी विचारलं नाही. २००० मध्ये रव्हकन यांच्या प्रयोगशाळेला लेट-७ हा आणखी एक मायक्रोआरएनए सापडला, तो माणसापर्यंत सगळ्यांत निघाला, आणि मग रांग लागली. नोबेल २०२४ मध्ये मिळालं.

तुझा मुख्य प्रश्न चांगला-वाईटचा. तसं लिहू नकोस. हे बघ.

मिर-१५५ वर नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या गटाने २०१२ मध्ये काम छापलं. कॉक्सॅकी-बी विषाणूने झालेल्या मायोकार्डायटिसमध्ये तो वाढलेला दिसला. कुठे वाढला, ते महत्त्वाचं: मुख्यतः हृदयात शिरलेल्या मॅक्रोफेज आणि टी या पांढऱ्या पेशींत, स्नायूच्या पेशींत नव्हे. त्याला अडवणारं द्रव्य उंदरांना टोचलं तर सूज कमी झाली आणि हृदयाचं नुकसानही घटलं. झाला की नाही वाईट? आता २००७ सालाकडे ये. मिर-१५५ जन्मतःच नसलेले उंदीर तयार केले गेले, आणि त्यांची प्रतिकारशक्तीच लंगडी निघाली. जंतूशी धड लढता येईना. म्हणजे विषाणू हृदयात वाढतोय त्या दिवशी हा असायला हवा, आणि विषाणू गेल्यावरही पांढऱ्या पेशी शांत व्हायला तयार नाहीत त्या दिवशी तो नडतो.

मिर-१४६ए ची गोष्ट जास्त देखणी आहे. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवलं, की जंतूची चाहूल लागून एनएफ-कप्पा-बी (सुजेची जनुकं चालू करणारं प्रथिन) चेतला की तोच मिर-१४६ए ला बोलावतो, आणि मिर-१४६ए येऊन ट्राफ-६ आणि इराक-१ या एनएफ-कप्पा-बीला चेतवणाऱ्या प्रथिनांवरच हात ठेवतो. सूज स्वतःला आवरण्याची सोय स्वतःच करून ठेवते. म्हणून रक्तात मिर-१४६ए वाढलेला दिसला तर त्याचा अर्थ 'सूज कमी' असा घेऊ नकोस. आग मोठी असल्यामुळे बंबही जास्त आले, असंही असू शकतं. सेमिनारला नव्वद टक्के मुलं इथे घसरतात आणि छापून आलेले काही निबंधही घसरलेले मी पाहिले आहेत.

शेवटी एक भांडण सांगते, सेमिनारमध्ये रंग भरेल. मिर-२१ हृदयातल्या फायब्रोब्लास्ट पेशींना चेतवून स्नायूत व्रणाची जाळी वाढवतो आणि तो अडवला की जाळी घटते, असं २००८ मध्ये नेचरमध्ये छापून आलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने मिर-२१ अजिबात नसलेले उंदीर घेतले, त्यांच्या हृदयावर ताण दिला, तर जाळी झालीच. द्रव्य टोचून अडवणं आणि जन्मतःच नसणं यांत फरक पडला, की वापरलेल्या द्रव्यांत, यावर बरीच वादावादी झाली. दोन्ही बाजू मांड. आणि तक्त्यात प्रत्येक मायक्रोआरएनएपुढे 'चांगला/वाईट' असा रकाना काढण्याऐवजी दोन रकाने काढ: कोणत्या पेशीतून, आणि आजाराच्या कोणत्या दिवशी.

"मुलगा न्यू जर्सीत असतो. नातवाला तिथे एमआरएनए लस दिली होती, त्या लशीने हृदयाला सूज येते म्हणतात. तुमच्या लेखातला मायक्रोआरएनए तोच का? आम्हाला इथे कोव्हिशिल्ड मिळाली." (एक आजोबा, पुणे)

नाही आजोबा, तो वेगळा. लशीत असते ती चिठ्ठी, मेसेंजर आरएनए. मायक्रोआरएनए शरीर स्वतः बनवतं. तुम्हाला मिळालेली कोव्हिशिल्ड ही एमआरएनए लस नव्हे, तिच्यात निरुपद्रवी केलेला अॅडिनोव्हायरस असतो. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशींनंतर मायोकार्डायटिस झाल्याचं खरं आहे. क्वचित, मुख्यतः तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत, आणि बहुतेक जण लवकर बरे झाले. नातवाला लस घेऊन इतका काळ लोटला आणि तो धडधाकट आहे, तर त्याच्या हृदयाची काळजी सोडा. रात्री तो किती वाजता झोपतो, ते विचारा.

"मी एकतीस वर्षांची. लहानपणी सांधेदुखीचा ताप आला, त्यात झडप खराब झाली. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते. फार दुखतं. नव्या संशोधनामुळे हे बंद होईल का?" (सोलापूर जिल्हा)

होणार नाही, आणि इंजेक्शन सोडू नका. तुमच्या आजाराची सुरुवात घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूपासून झाली. शरीराने त्या जंतूशी लढायला जी हत्यारं बनवली, ती झडपेच्या प्रथिनांवरही चालली, कारण दोघांच्या ठेवणीत साम्य आहे. बारा लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन झडप दुरुस्त करत नाही. ते घसा पुन्हा धरू देत नाही, म्हणून नवा हल्ला होत नाही. प्रत्येक हल्ल्यानंतर झडप आणखी आखडते. ऱ्हुमॅटिक हृदयरोगातही मायक्रोआरएनएचे अभ्यास चालू आहेत, पण ते झडप कशी घट्ट होत जाते ते समजून घेण्यासाठी. त्यातून पेनिसिलिनला पर्याय उभा राहिलेला नाही. हे इंजेक्शन किती वर्षं, ते झडपेच्या अवस्थेवर ठरतं. झडप खराब असेल तर निदान वयाच्या चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर. औषध दाट असतं, म्हणून दुखतं. सिस्टरांना ते हळू सोडायला सांगा, त्या ऐकतात. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी इको करून घ्या, दिवस गेल्यावर नव्हे.

"यावर औषध कधी येणार? नोबेल मिळालं म्हणजे येईलच ना?" (निवृत्त बँक अधिकारी, नाशिक)

साहेब, नोबेल हे शोधाला मिळतं, औषधाला नव्हे. हृदयाच्या सुजेसाठी मायक्रोआरएनएवर चालणारं एकही औषध आज बाजारात नाही. सर्वांत पुढे गेलेलं आहे ते मिर-१३२ अडवणारं, हॅनोव्हरच्या थॉमस थुम यांच्या कामातून निघालेलं. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत २८ रोगी होते, आणि त्यांना होतं हार्ट फेल्युअर, मायोकार्डायटिस नव्हे. ते औषध बनवणारी कंपनी २०२४ मध्ये नोव्हो नॉर्डिस्कने विकत घेतली. उलट बाजूचं उदाहरणही खिशात ठेवा. मिर-३४ए ची नक्कल देणारी कर्करोगावरची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण रोग्यांत प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रिया उमटल्या. एका मायक्रोआरएनएचा हात शेकडो चिठ्ठ्यांवर असतो, हे वर लातूरच्या मुलीला सांगितलं. तोच हात अडवला की शेकडो ठिकाणी काहीतरी हलतं. शिवाय टोचलेलं द्रव्य यकृतात आणि मूत्रपिंडात सहज साठतं, हृदयात पोचवणं अवघड. आजच्या रोग्याला आजचेच उपचार: विश्रांती, हार्ट फेल्युअरची नेहमीची औषधं, आणि काही ठरावीक प्रकारांत स्टेरॉइड.

"मॅडम, मी डीएमएलटी केलेला टेक्निशियन. आमच्याकडे एका संशोधन प्रकल्पासाठी मायक्रोआरएनएचं रक्त घेतात. हिरव्या टोपीची नळी वापरली म्हणून सरांनी सगळे नमुने फेकायला लावले. एवढं काय बिघडलं?" (नांदेड)

या पत्रासाठी धन्यवाद. इतकं नेमकं कोणी विचारत नाही.

हिरव्या टोपीत हेपरिन असतं, रक्त गोठू न देणारं द्रव्य. मायक्रोआरएनए मोजायचं ते पीसीआरने, आणि हेपरिन पीसीआरच्या एन्झाइमांनाच अडवतं. आकडा खोटा कमी येतो. जांभळी टोपी घ्यायची, ईडीटीएवाली. सर रागीट असतील, पण बरोबर होते. त्यांना विचार, की रोग्याला आधीच हेपरिन टोचलेलं असेल तर काय करता? हार्ट अॅटॅकच्या संशयाने आलेल्याला दारातच हेपरिन मिळतं, कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, आणखी मिळतं. मायोकार्डायटिसवाल्याला पुष्कळदा मिळत नाही. मग दोघांचं रक्त जांभळ्याच टोपीत घेतलं तरी एकाच्या नळीत हेपरिन आहे, एकाच्या नाही. मोजणारा खूश होतो की दोन रोगांत फरक सापडला, आणि सापडलेला असतो तो हेपरिनचा फरक. हेपरिनेज एन्झाइम घालून ते तोडता येतं. नाहीतर हेपरिन देण्याआधी रक्त घ्यावं लागतं आणि ती वेळ वहीत लिहावी लागते.

दुसरं, सुई. शीर सापडत नाही म्हणून जोरात ओढलंस की लाल पेशी फुटतात. त्यांच्यात मिर-४५१ आणि मिर-१६ खच्चून भरलेले असतात. प्लाझ्मा किंचित गुलाबी दिसला तरी नमुना बाजूला काढ. डोळ्याला न दिसणारं फुटणं मिर-२३ए आणि मिर-४५१ यांच्या प्रमाणावरून कळतं, ते प्रत्येक नमुन्यात मोजायला सरांना सांग. तिसरं, प्लेटलेट. मिर-२२३ आणि मिर-१२६ त्यांच्यातूनही येतात, म्हणून एकदा सेंट्रिफ्यूज करून थांबायचं नाही. वरचा प्लाझ्मा तळाला न हलवता दुसऱ्या नळीत घ्यायचा, पुन्हा जोरात फिरवायचा आणि मगच गोठवायचा. प्लेटलेट तशाच राहिल्या तर गोठवताना फुटतात. आर्गोनॉटच्या किंवा पेशींतून सुटलेल्या इवल्या पिशव्यांच्या आश्रयाने मायक्रोआरएनए रक्तात बराच टिकतो, त्यामुळे धावपळ करून चुका करण्यापेक्षा दोन मिनिटं जास्त घे.

आणि नळीवरच्या चिठ्ठीवर नाव आणि तारखेबरोबर 'दुखणं सुरू होऊन किती तास' हेही लिही. त्यासाठी रकाना नसेल तर हाताने आखून घे.